मंचर ते तळेघर, पेट्रोलविना

कांतिशेठचा फोन बुधवारी आला आणि शुक्रवारी सकाळी आम्ही निघालोसुद्धा. मंचरच्या या व्यापाऱ्याला विजेच्या स्कूटरची एजन्सी घ्यायची होती. आमची कंपनी म्हणजे भोसरीतली एक शेड, मी, माझा नवरा सुहास आणि दोन कामगार. स्कूटर बनवायच्या, जोडीला सोलर पॅनेलवरचे दिवे. पण बाहेरून आणलेले भाग जोडून केलेल्या स्वस्त स्कूटर बाजारात आल्या आणि आमच्याकडे कोणी ढुंकून बघेना. मंचर हातचं गेलं तर सुहासनं परत नोकरी धरायची, असं ठरलं होतं. तरी टेम्पोत स्कूटर आणि नमुन्याचे दिवे-पॅनेल चढवताना आम्ही शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे खिदळत होतो!

शेठनी शनिवारी बोलावलेलं. म्हटलं, एवढं जायचं तर आधी जुन्नर बघून घेऊ. चाकणला ट्रकच्या रांगेत पाऊण तास गेला (तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत चाकण सोडा). नारायणगावला डावीकडे वळलं की रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव आणि समोर हळूहळू मोठा होत जाणारा शिवनेरी. जुन्नरच्या बाजारात स्कूटर उतरवली तर ही गर्दी! एक काका चक्कर मारून आले.

"आवाजच न्हाई राव! चालू हाय का बंद, कळायचं कसं?"

"पुढं गेली म्हणजे चालू," सुहास म्हणाला. सगळे हसले. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं, "पर भाऊ, दिवसा लाईट नसती. चारजिंग करायची कवा?" सुहासनं घाईनं स्कूटर परत टेम्पोत चढवायला घेतली.

स्टँडजवळच्या खानावळीत मासवडी, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. तीस रुपयांत पोट टम्म! मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या आत तीळ-खोबऱ्याचं सारण असतं. खाल्ल्याशिवाय जुन्नर सोडू नका.

शनिवारी मंचरला शेठच्या दुकानासमोर टेम्पो लावला, तर तिथे आधीच एक चकचकीत लाल स्कूटर उभी. शेजारी टाय लावलेला विक्रम, त्या स्वस्त स्कूटरवाल्यांचा माणूस. त्याची गाडी आमच्यापेक्षा आठ हजारांनी कमी. माझं तोंड एवढंसं झालं.

कांतिशेठ मारवाडी जैन, पण बोलणं पक्कं मंचरचं. म्हणाले, "भांडू नका. दोन्ही गाड्या तळेघरला न्यायच्या. एकीवर मागं मी बसतो, दुसरीवर माझा मेव्हणा. तोबी माझ्याच मापाचा हाय. घाटात कोण टिकतंय ते बघू."

आणि निघालो की हो! घोडेगावपर्यंत विक्रम पुढे, डिंभ्याला मी पुढे. धरणाचं निळं पाणी, वारा, आणि मागून शेठचा आरडाओरडा, "दाबा ताई, दाबा! त्यो आला बगा!" डिंभ्यानंतर पेट्रोल पंप नाही, पण आम्हाला काय त्याचं! पस्तिशीतली दोन मुलांची आई मी, घाटात शिट्ट्या मारत होते.

एका वळणावर विक्रमची लाल गाडी आचके देत थांबली. मी ओरडलेच, "जिंकलो!" आणि पुढच्याच चढावर आमचीही बंद.

शेवटी चौघांनी ढकलत दोन्ही गाड्या तळेघरच्या अलीकडच्या एका चहाच्या टपरीपाशी आणल्या. मागून टेम्पो घेऊन आलेल्या सुहासनं आमची अवस्था बघितली आणि दिव्यांची चार पॅनेल खाली उतरवली, एकमेकांना जोडून उन्हात मांडली. आमच्या गाडीला दोन तास चार्जिंग, उरलेल्या चढापुरतं. आम्ही नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी खात बसलो. टपरीवाल्या हिराबाईंनी भाकरीचे पैसे घेतले नाहीत. त्या सारख्या पॅनेलभोवती फिरत होत्या.

"बाई, गाडी ऱ्हाऊ द्या तुमची. ह्या काचंवर दिवा लागंल का?"

सुहासनं टेम्पोतला दिवा काढून जोडला. लागला. भर दुपारी लागलेल्या त्या दिव्यावर हिराबाईंनी दोन्ही तळव्यांचा आडोसा धरला, उजेड नीट दिसावा म्हणून. रस्त्यानं जाणारे थांबले. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. किती तास चालतो, पावसाळ्यात काय, फुटली तर? सुहास उत्तरं देता देता घामाघूम झाला. स्कूटरबद्दल एकानंही विचारलं नाही.

दोन तासांनी आमची गाडी तळेघरात पोचली. विक्रम लाल गाडीसकट टेम्पोतून आला. शेठ उतरले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "ताई, खरं सांगतो. गाडी तुमची चांगली हाय, पर गिऱ्हाईक आठ हजार बघतंय. मंचरात ह्या पोराचीच खपंल." मी स्कूटर टेम्पोकडे वळवली. "पर ती पॅनेलं आन् दिवं दुसऱ्या कुणाला देऊ नका. ते मी घेनार."

परतीच्या रस्त्यावर एकदा मला रडू आलं. त्या स्कूटरची मोटर सुहासनं चार वर्षं खपून बनवली होती. तो म्हणाला, "चढली ना पण तळेघरला?" आणि आम्ही पुन्हा हसत सुटलो.

स्कूटर आम्ही बंद केल्या. आता शेडमध्ये फक्त पॅनेल आणि दिवे असतात आणि सुहास नोकरीचं नाव काढत नाही. हरल्याचं दुःख नाही असं नाही, पण कोणाला काय हवंय हे भोसरीत बसून कळलं नसतं, तिथे भाकरी खाताना कळलं.

गेल्या आठवड्यात विक्रमचा फोन आला. "मॅडम, लोडशेडिंगमुळे गिऱ्हाइकांच्या गाड्या चार्ज होत नाहीत, रोज भांडणं. आमच्या मंचरच्या दुकानाच्या छपरावर पॅनेल बसवून द्याल?"

"देईन की," मी म्हटलं. "बसवायला मी स्वतः येते."

फोन ठेवला आणि इतकी हसले की सुहास पळत शेडबाहेर आला.