सहावी पायरी

मी नापास झाल्याची बातमी मला माझ्या मुलीने दिली. खरं तर दिलीच नाही. "आई, रिझल्ट लागलाय," एवढं म्हणाली आणि गप्प बसली. ती इंजिनिअरिंगला आहे आणि श्वास घ्यायलासुद्धा बोलणं थांबवत नाही. ती गप्प बसल्यावर मला काय ते कळलं.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं काउंटरवर बसत होते. नाव, वय, उपाशीपोटी आलात का, रिपोर्ट संध्याकाळी सहानंतर. माझ्या पाठीमागे एक मोठी काच होती आणि काचेपलीकडे मायक्रोस्कोप, रक्ताच्या नळ्या, पांढरे कोट. इतकी वर्षं त्या काचेकडे पाठ करून बसले आणि इतकी वर्षं मला तिथेच जायचं होतं. आमच्या डॉक्टरबाईंना हे ठाऊक होतं. थिअरी ऑनलाइन आणि प्रॅक्टिकल रविवारी असा लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा त्यांनीच मला शोधून दिला होता.

नापास झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "दिवाळीनंतर आपले टेक्निशियन रिटायर होतायत. तोपर्यंत पास झालात तर जागा तुमची. नाही तर मला बाहेरून माणूस घ्यावा लागेल. मग पुन्हा जागा कधी निघेल, मला सांगता यायचं नाही."

डॉक्टरबाई गोड बोलत नाहीत, पण खोटंही बोलत नाहीत.

मी अडकले होते ते रक्ताच्या पेपरात. रक्त गोठवणारे घटक क्रमाने लिहा, असा प्रश्न होता. त्यांचे क्रमांक एक ते तेरा आहेत, पण सहावा घटक अस्तित्वातच नाही. पूर्वी एकाला तो क्रमांक दिला होता, नंतर कळलं की ते पाचव्याचंच दुसरं रूप, मग तो आकडा रिकामाच राहिला. हे ऑनलाइन शिकवणाऱ्या सरांनी तीनदा सांगितलं होतं. पण माझा जन्म गेला लोकांचे फॉर्म भरून घेण्यात. रिकामी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. मी सहाव्या ओळीत सातवा घटक लिहिला, मग आठवा सातव्यात गेला, आणि तिथून खाली सगळी रांगच घसरली. शेवटी एक ओळ उरली, तर तिथे 'व्हिटॅमिन के' लिहून मोकळी झाले. शिवाय त्याच्याखाली रेघ मारली, महत्त्वाचं म्हणून!

मुलीने माझी सूत्रं हातात घेतली. भिंतीवर टाइमटेबल लागलं. पिवळा मार्कर व्याख्यांना, गुलाबी आकृत्यांना, हिरवा कशाला ते मी विसरले. संध्याकाळी सात वाजता ऑनलाइन क्लास. "आई, हेडफोन लाव, हलू नकोस, नोट्स काढ. मी असंच करते. फोकस हवा फक्त." तिची पद्धत चोख आहे, तिच्यापुरती. वहीचं पान डोळ्यांसमोर आणून ती उत्तर वाचून दाखवते. मी डोळे मिटले की मला झोप येते.

आणि ती आलीच. दिवसभर काउंटरवर बसून घरी आले, पुन्हा खुर्चीत बसले, आणि कॅमेरा चालू असताना सगळ्या वर्गादेखत घोरले. मुलीने खांदा हलवला तेव्हा सर शांतपणे म्हणत होते, "मॅडमना उठवू नका, त्या उपाशीपोटीचं सॅम्पल देऊन आल्या असतील." इतकी लाज मला लग्नात उखाणा विसरले तेव्हाही वाटली नव्हती. त्या दिवशी मनात पक्कं आलं की हे आपलं काम नाही, काच आहे तिथे बरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पर्वतीवर गेले. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून माझा तेवढा एकच नेम टिकला आहे. जाताना शिक्षा म्हणून आदल्या दिवशीच्या क्लासचं रेकॉर्डिंग कानात लावलं. सर बोलत होते, मी चढत होते. पहिल्या पायरीवर फायब्रिनोजेन, दुसरीवर प्रोथ्रॉम्बिन, तिसरीवर टिश्यू फॅक्टर, चौथीवर कॅल्शियम. पाचवीवर पाय टेकला आणि सर म्हणाले, "सहावा नाही." मी न ठरवताच ढांग टाकली आणि थेट सातवीवर. तोल जाता जाता राहिला.

मागून एक आजोबा येत होते, रोजचेच, हातात काठी पण ती फक्त लोकांकडे रोखायला. "अहो बाई, सहाव्या पायरीशी भांडण आहे का काही?"

"आहे," मी म्हटलं आणि पुढे गेले.

घरी येऊन पोळ्या लाटता लाटता मी तेराच्या तेरा क्रमांक म्हणून दाखवले, सहावा मोकळा सोडून. मुलगी उडालीच. "थांब, नीट बसून सांग." मी खुर्चीवर बसले. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन... पुढे सगळं साफ कोरं. उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या, की परत सगळं हजर. आम्ही हे चारदा करून बघितलं. चौथ्यांदा दोघींना इतकं हसू आलं की तव्यावरची पोळी करपली. तिने भिंतीवरचं टाइमटेबल काढलं आणि घडी घालून स्वतःच्या वहीत ठेवलं.

सरांना मी मेसेज पाठवला, की कॅमेरा बंद ठेवून चालत ऐकलं तर चालेल का. लगेच उत्तर आलं, "झोपलेल्या विद्यार्थ्यापेक्षा चालता विद्यार्थी केव्हाही बरा." तेव्हापासून संध्याकाळचा क्लास मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकू लागले. सगळ्या स्कूटरना माझे यकृताचे आजार पाठ झाले असतील. सकाळी पर्वतीवर उजळणी. मूत्रपिंड मधल्या टप्प्यावर, जंतू वरच्या कट्ट्यावर. सहाव्या पायरीवर मात्र मी पुढचे सात महिने एकदाही पाय ठेवला नाही. आजोबा रोज बघायचे, रोज मान हलवायचे. एकदा म्हणाले, "मोठा मानी स्वभाव दिसतो आपला."

मला आनंद कशाचा झाला सांगू? पास होण्याच्या आशेचा तर होताच. पण शाळेपासून मला सगळ्यांनी 'एका जागी बसत नाही' म्हणून ढ ठरवलं होतं, आणि मीही ते मानून गप्प बसले होते. मी ढ नव्हते. मी नुसती बसलेली होते.

परीक्षेत प्रश्न आलाच. हात लिहीत होता आणि बाकाखाली पाय चढत होते. सुपरव्हायझर बाई येऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय खाली?"

"काही नाही, सवय आहे." पाचव्यानंतर मी पाय जरा जास्त उचलला, कागदावर सहासमोर 'हा घटक नाही' असं लिहिलं आणि पुढे गेले.

निकाल दिवाळीच्या आधी लागणार होता. त्या सकाळी वेबसाइट उघडत नव्हती, म्हणून मुलीला म्हटलं, तू बघत बस, मी जाऊन येते, घरी बसून मला काही सुधरणार नाही. पाचव्या पायरीवर होते, पाय सातवीकडे उचललेला, आणि खालून हाक आली. माझी मुलगी गाऊनवर ओढणी गुंडाळून स्कूटरवरून आली होती. या वेळी ती गप्प नव्हती. अख्ख्या पर्वतीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई! काचेपलीकडे!"

माझा उचललेला पाय होता तिथेच खाली आला, सहाव्या पायरीवर. मग मीच तिथे बसले. रडत होते की हसत होते, मला माहीत नाही, दोन्ही असेल. चढणारे लोक बाजूने जात होते, एक-दोघांनी वाटेत बसू नका म्हणूनही सांगितलं.

आजोबा काठी टेकून थांबले. माझ्याकडे बघितलं, पायरीकडे बघितलं. "मिटलं वाटतं भांडण."

"मिटलं," मी म्हटलं आणि धापा टाकत वर येणाऱ्या मुलीला शेजारी बसायला जागा करून दिली.