कोऱ्या पानावरची सही

ग्रामसभेत मी उभी राह्यली आन् एवढंच इचारलं, "गावाचा सारा कचरा आमच्या बोरिंगजवळ काऊन टाकून राह्यले?"

सरपंचानं माझ्याकडं पाह्यलंबी नाई. बाजूच्या सेक्रेटरीकडून रजिस्टर घेतलं, एक पान काढलं, आन् लग्नात आहेर दाखवतेत तसं ते पान साऱ्या सभेले दाखवलं. मंग मले म्हने, "इकडं ये. ही सही कोनाची हाय, वाच."

मी गेली. सही माझी होती. निळ्या पेनची, माझ्या हातची. नावाखाली मी ओढते तशी रेघबी होती.

"वाच ना. सातवी शिकली म्हंतेस."

मी माझंच नाव मोठ्यानं वाचलं. शाळेच्या वट्ट्यावर शंभर-दीडशे मानसं बसली होती. बाया एका अंगाले, मानसं एका अंगाले.

"आता त्याच्या खालचं वाच."

खालचं सारं तेलुगूत होतं. मी मराठी शाळेतली. तेलुगू बोलते, बजारापुरती. वाचता येत नाई. हे त्याले चांगलं ठाऊक होतं, कारन तोबी त्याच शाळेतला, माझ्या तीन वर्ग पुढचा. त्यालेबी ते वाचता येत नव्हतं. त्यानं रजिस्टर सेक्रेटरीच्या हातात देल्लं आन् सेक्रेटरीनं वाचून काढलं. मंग सरपंचानं मराठीत सांगतलं.

"भीमनगरच्या मेंबरबाईनं लिहून देल्लं हाय. कचऱ्याचा यार्ड आमच्या वस्तीजवळ करा, वस्तीची हरकत नाई. आन् आता हेच बाई इचारते, काऊन टाकता. सही करताना डोळे कुठं ठेवले होते?"

लोकं हासले. मोठे कास्तकार हासले, दुकानदार हासले, पंचायतीचा झाडूवाला हासला. तो तं आमच्याच वस्तीतला. त्याले हासाच लागते, नौकरी हाय त्याची.

माझ्या वस्तीच्या बाया हासल्या नाई. वच्छलामाय समोरच बसली होती. नवऱ्याची चुलती. इलेक्शनात तिनं माझ्यासाठी घरोघरी पाय धरले होते. ती उठली, पदर झटकला, आन् हळू आवाजात बोलली. तरी मले ऐकू आलं.

"तूच विकलं का आमाले, सूनबाई?"

ते हासनं मी गिळलं असतं. लहानपनापासून गिळतच आली. हे नाई गिळता आलं.

आता सही कशी झाली ते सांगते. खोटं बोलनार नाई, माझी चूक झाकनार नाई.

आमचं गाव तेलंगानात, पैनगंगेच्या अलीकडं, जैनथकडं. पलीकडं महाराष्ट्र. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, दुकानात हिंदी. आमचा वार्ड एस.सी. बाईसाठी निघाला, वस्तीनं मले उभी केलं, मी निवडून आली. पह्यल्या बैठकीले मी नवीन लुगडं नेसून गेली. सात मेंबर. सहा जनायले सरपंच "तुमी" म्हने, मले "तू". चहा आला. मले पेला देल्ला आन् सरपंच म्हने, "कापूस येचाचे दिवस हायेत, तू काऊन रोज बुडवते? रजिस्टर तुह्या घरी येईन. सही करत जाय."

मले ते मायेचं वाटलं. रोज बुडाला म्हंजे घरात भाजी नाई, हे खरंच होतं. मी परत गेलीच नाई.

मंग दर महिन्याले कारोबार येत जाय. पंचायतीचं लिहनं आन् घरपट्टी वसूल करनं ज्याच्याकडं राह्यते, त्याले आमच्याकडं कारोबार म्हंतेत. तो मोटारसायकलीवर वावराच्या धुऱ्यापर्यंत येई. मी कापसाचं नाई तं गवताचं ओझं खाली ठेवी, त्याच्यावर रजिस्टर ठेवी, आन् सही करी. तो म्हने, "मेंबरबाई, हजेरीची सही हाय. लागोपाठ हजेरी चुकली तं मेंबरकी जाते. तुमच्यासाठी एवढ्या उन्हात आलो." मी त्याले पानी देई. तो म्हने, आताच पेलो. बारा महिने तो आमच्या धुऱ्यावर आताच पेऊन येई.

पान कोरं राहे. वरती सात नावं, नावापुढं सहीची जागा, खाली सारं मोकळं. मी इचारलं नाई खाली काय येनार हाय. बरोबरच्या बाया पाहून राह्यल्या असत. मले बरं वाटे. सरकारी रजिस्टर माझ्यासाठी वावरात येते, एवढंच डोक्यात. असल्या बरं वाटन्याची मले आज लाज वाटते.

आन् मंग एका दिवशी पंचायतीचा ट्रॅक्टर आमच्या बोरिंगजवळ रिकामा झाला. प्लास्टिक, कोंबडीच्या दुकानातली पखं, फवारनीच्या औषधायचे डबे, एक मेलेलं वासरू. मंग रोज. नळाले पानी येते दिसाआड, घरटी पाच-सहा गुंड, म्हंजे हंडे. बाकी साऱ्या भीमनगरचं पेनं-धुनं त्या बोरिंगवर. पावसाळ्यात पान्याले वास येऊ लागला. लेकरायले हगवन लागली. घरपट्टी आमीबी भरतो, गावाएवढीच. पट्टीसाठी कारोबार आमच्या गल्लीत येते, नाली काढाले कोनी येत नाई. म्हनून मी ग्रामसभेत उभी राह्यली होती. पुढचं तुमाले सांगतलंच.

त्या दिवशी घरी आली तं नवरा म्हने, "राजीनामा दे. आपलं काम नोय ते." तो माझ्यावर चिडला नव्हता, भेला होता. सकाळी बोरिंगवर गेली तं बाया गप झाल्या. वच्छलामायनं आपला अर्धा भरलेला गुंड उचलला आन् निघून गेली.

मी कामाले गेली नाई. सरळ पंचायतीत गेली. सेक्रेटरी एकटाच होता. मंचेरियलकडचा पोरगा, नवा लागलेला, मराठी येत नाई. मी म्हनलं, रजिस्टर दिखाव. त्यानं जरा इकडं-तिकडं पाह्यलं आन् देल्लं. मेंबर होती ना मी. कायद्यानं देनं भाग होतं.

मी एक-एक पान पलटलं. दर पानावर वरती माझी सही. खाली तेलुगू. कुठं चार ओळी, कुठं पान भरून. मी बोट ठेवे आन् तो हिंदीत सांगे. वरच्या गल्लीतला सिमेंट रोड. सरपंचाच्या वावराकडं जानारी लाईट. यार्ड. साऱ्याले माझी मंजुरी. बारा महिन्यायची मंजुरी, एक शब्द मी ऐकलेला नाई.

शेवटचं पान आलं. पुढच्या बैठकीचं. बैठक व्हायची होती, आन् त्याच्यावर चार मेंबरायच्या सह्या आधीच होत्या. खाली कोरं.

मी त्याच्याकडं पाह्यलं. त्यानं मान खाली घातली. "अम्मा, सब जगह ऐसाइच होता. पहले दस्तखत, बाद में लिखते."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोऱ्या पानावर सारेच सह्या करत होते. पन खाली काय लिहाचं हे त्यायले ठाऊक राहे, कारन ते त्यायच्यात बसून ठरे. मलेच तेवढं ठाऊक नसे. मी अडानी म्हनून फसली नव्हती. तेलुगू वाचता आलं असतं तरी हेच झालं असतं, पान तं कोरंच होतं. वस्तीच्या छातीवर कचरा टाकाचा होता आन् त्याच्यासाठी वस्तीचाच हात पायजे होता. माझी मेंबरकी त्यायले एवढ्यापुरतीच पायजे होती. मी तिथंच रडली. राग आला की मले रडू येते. त्या पोरानं पान्याचा ग्लास देल्ला. मी पेली नाई.

बैठकीच्या दिवशी मी टाईमाच्या आधी जाऊन बसली. विषय दोन. घरपट्टी वाढवाची, आन् यार्डाले कायमची भिंत बांधाची. भिंत बांधली का संपलं, मंग तो यार्ड तिथून कोनी हालवू शकत नाई.

कारोबारानं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. सहा सह्या झालेल्या.

मी म्हनलं, "आधी लिहा."

सरपंच म्हने, "मंग लिहू. पद्धत हाय ते."

"मले वाचून दाखवा. मराठीत."

"इथं तेलुगू चालते. तेलंगानात राह्यतेस ना?"

"तुमची मायबी मराठीच बोलते, सरपंच."

त्याचं तोंड लाल झालं. मंग तो हळूच बोलला, "सही नाई तं हजेरी नाई. हजेरी नाई तं मेंबरकी नाई. इचार कर."

मी पेन उचललं. माझ्या नावापुढं सही केली. आन् मंग पानाच्या त्या कोपऱ्यापासून ह्या कोपऱ्यापर्यंत, साऱ्या कोऱ्या जागेवरून, आडवी रेघ ओढली. एक नाई, दोन. फुली मारली.

सेक्रेटरी उभाच राह्यला. "अम्मा, सरकारी रजिस्टर है."

"हाव. म्हनूनच. मी हजर हाय, हे झाली हजेरी. आता दुसऱ्या पानावर लिहा."

कारोबार माझ्या अंगावर धावून आला, त्याले दोघायनं धरलं. सरपंच मले काय-काय बोलला ते मी इथं सांगत नाई. जातीवरून बोलला. ते सहा जनायनं ऐकलं आन् सहाच्या सहा जन म्हनतीन की ऐकलं नाई.

पन लिहा लागलं. दुसरं पान घेतलं. भिंतीचा ठराव लिहला, सेक्रेटरीनं हिंदीत वाचला. मी हरकत घेतली. यार्ड बोरिंगपासून हालवा, म्हनलं. हात वर झाले. सहा तिकडं, एक माझा. मी हरली. मंग मी म्हनलं, माझी हरकत लिहा. सेक्रेटरी लिहू की नको करून राह्यला होता. मी तिथून हाललीच नाई. शेवटी त्यानं लिहलं, मले वाचून दाखवलं, आन् शेवटच्या अक्षराले चिकटून मी सही केली. मधात बोटभर जागा सोडली नाई.

तुमाले वाटन आता काई बदललं. नाई बदललं. आज सकाळीबी ट्रॅक्टर आला होता. भिंतीच्या विटा येऊन पडल्या हायेत. घरपट्टी वाढली. मी आदिलाबादले कलेक्टर ऑफिसात अर्ज देल्ला, शिक्का मारलेला कागद घेऊन आली, त्याच्यापुढं काई नाई. मोठ्या वावरवाल्यायनं मले मजुरी देनं बंद केलं हाय. वच्छलामाय अजून माझ्याशी बोलत नाई. तिचं चुकत नाई. तिच्या नातवाले दवाखान्यात ठेवलं होतं आन् त्या ठरावावर माझीच सही हाय. ती पुसता येत नाई.

माझ्या मेंबरकीचे चार वर्सं बाकी हायेत. दर महिन्याले बैठक राहीन, आन् दर बैठकीले मी जाईन. सहा जनायपुढं मी एकटी हरीन हे मले ठाऊक हाय. हरासाठीच जाईन. पन भीमनगरच्या बोकांडी जे काई बसवाचं हाय, ते आता त्यायले माझ्या तोंडावर बोला लागन, माझ्यापुढं लिहा लागन, आन् त्याच्याखाली माझी हरकत लिहा लागन. आमच्यावर अन्याव करा, पन आमच्या हातानं करू देनार नाई.