चार बोटं उघडी काच

लखीराम बीडी ओढत नसला तरी एक बीडी त्याच्या कानावर अडकवलेली असायचीच. किन्हीराजाच्या उकंडराव पाटलांची काळी मोटार तो सात वर्षं चालवत होता. त्याआधी तो लामावर, म्हणजे महायुद्धावर, गेला होता आणि इराकात बसऱ्याकडे लष्कराचे ट्रक हाकत होता. त्याच्या बंजारा तांड्यातले लोक त्याला मिस्त्री म्हणत. पाटलांकडे तो नुसता लखीराम.

बसऱ्यात त्यानं एक गोष्ट पाहून ठेवली होती. तिथले लोक खिडकीत काटेरी झुडपांचे तट्टे बसवून त्यांवर पाणी मारत आणि आतली खोली गार होई. गावी परतल्यावर त्यानं पाटलांच्या मोटारीला तसंच काहीतरी केलं. मागच्या डाव्या खिडकीला पत्र्याचं एक तोंड बसवलं. ते सुपासारखं पुढच्या बाजूला उघडं होतं, म्हणजे गाडी पळाली की वारा त्यात शिरावा. आत वाळ्याचा तट्टा. टपावर पाण्याचा डबा बांधलेला, त्यातून नळी, आणि नळीला सुईनं पाडलेली भोकं. वैशाखात अकोल्याहून येताना पाटील मागच्या सीटवर उजवीकडे बसत आणि घोरत. वाटेतल्या गावांत लोक मोटारीला हात लावून बघत.

१९५४ च्या मे महिन्यातल्या त्या दुपारी पाटील घरी नव्हते. कोर्टाच्या कामाला, मोटार घरीच ठेवून, सर्व्हिसच्या बसनं अकोल्याला गेले होते. त्यांची मुलगी तुळसा माहेरपणाला आलेली होती. सकाळपासून ती धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, कुरोड्या घालत बसली होती. बारा वाजता खाली आली, पाणी मागितलं आणि ते न पिताच ओट्यावर कोसळली. कांद्याचा रस चोळून झाला, कैरीचं पन्हं तोंडाला लावून झालं. तिला गिळता येईना. अंग तापलेलं, कोरडं ठक्क, घामाचा टिपूस नाही. ती सासरच्या कुणाशी तरी बोलत होती, जे तिथं नव्हतंच.

लखीरामनं ते अंगणातून पाहिलं आणि डबा भरायला घेतला. असं अंग त्यानं एकदा पाहिलं होतं. त्याच्याच तांड्यातला गोविंदसिंग बसऱ्याच्या वाटेवर ट्रकच्या मागं बसला होता. उतरवला तेव्हा बोलतही नव्हता; तो वाचला नाही.

"वाशीमच्या दवाखान्यात न्या लागते," तो तुळसाच्या आईला, पाटलीणबाई प्रयागबाईंना, म्हणाला. "पन वाटेत अंग थंडं राह्यलं पायजे. नाई तं नेऊन फायदा नाई."

"तुई मोटार थंडी राह्यते ना?" प्रयागबाई म्हणाल्या. "मंग चाल."

प्रयागबाई पाटलांच्या जागी बसल्या, उजवीकडे. तुळसाचं डोकं मांडीवर घेतलं. मग वऱ्हाडातली कुठलीही शहाणी बाई उन्हाळ्याच्या दुपारी करते ते त्यांनी केलं, सगळं बंद केलं. आपल्या बाजूची काच वर घेतली, तिच्यावर घोंगडी लावली आणि कडा फटीत खोचल्या. लखीरामलाही त्याच्या काचा लावायला सांगितल्या. घरात असंच करतात. दहा वाजता दारं लोटायची, जाड मातीच्या भिंती आतला गारवा धरून ठेवतात. लखीरामलाही ते बरोबर वाटलं. उलट आज मोटार नेहमीपेक्षा गार राहील असा त्याचा हिशेब होता.

दोन मैलांतच त्याच्या पाठीला सदरा चिकटला.

"लखीराम, काई थंडं नाई लागून राह्यलं."

"लागंल जी. तट्टा भिजू द्या."

आणखी दोन मैल गेले. मोटार भट्टीसारखी झाली. नुसती गरम नव्हे, दमट गरम. तुळसाचं बोलणं थांबलं होतं आणि श्वास भराभर चालला होता. ती बडबडत होती तेच बरं होतं, असं प्रयागबाईंना वाटलं.

त्यानं एका पळसाखाली गाडी उभी केली. टपावर चढून पाहिलं. डबा पाऊण भरलेला. नळीखाली तळहात धरला, सगळ्या भोकांतून थेंब येत होते. तट्टा चिंब. म्हणजे पाण्याचा दोष नव्हता. उरला वारा. या वर्षी तट्टा त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, नव्यानं विणला होता, चांगला जाडजूड. त्यातूनच वारा आत जात नसेल. त्यानं दोन मुठी वाळा उपसून रस्त्यावर फेकला आणि तट्टा विरळ केला. तुळसाच्या अंगावरचं लुगडं डब्यातल्या पाण्यानं भिजवलं.

"आता पाहा," तो म्हणाला आणि गाडी जोरात सोडली.

काही फरक पडला नाही. ओलं लुगडं पाच मिनिटांत कोमट झालं आणि तसंच ओलं राहिलं.

"तुनं रोज पाटलाले फसवलं का रे?" प्रयागबाईंचा आवाज चढला नव्हता. म्हणून तो जास्त लागला. "माही पोरगी जाऊन राह्यली, न तू मले गवत दाखवून राह्यला."

लखीराम मनात एकेक गोष्ट मोजत गेला. पाणी आहे, तट्टा ओला आहे, बाहेर वारा आहे. मग तो आत येतो की नाही? हातानं कळत नव्हतं, गाडी हाकताना मागं हात पोचतही नव्हता. त्यानं कानावरची बीडी काढली, स्टिअरिंग कोपरानं धरून पेटवली आणि मागं केली.

"पाटलीनबाई, हे धरा."

"काय?"

"तट्ट्याजवळ धरा. धुपट कुठं जाते ते सांगा."

"माह्या पोरीच्या उरावर बीडी धरू? अन् मी?"

"तुमीच. माहे हात गुतले."

पाटलाच्या घरच्या बाईनं ड्रायव्हरची उष्टी बीडी हातात धरणं किन्हीराजात कुणी ऐकलं नव्हतं. प्रयागबाईंनी ती दोन बोटांत, विंचू धरावा तशी धरली आणि हात लांब केला.

"कुठं जाते?"

"कुठंच नाई. वरतं जाते, तिथंच घोटायते."

म्हणजे वारा आत येतच नव्हता. तट्टा विरळ केला तरी नाही. लखीरामनं आरशात पाहिलं. आरशात प्रयागबाई होत्या, पाटलांच्या जागी, आणि त्यांच्यामागं घोंगडी. त्या घोंगडीमागच्या दाराची बाहेरची बाजू लखीराम रोज संध्याकाळी चिंधी घेऊन धुवायचा. पाटील तंबाखू खात. पिचकारी टाकता यावी म्हणून ती काच कायम चार बोटं उघडी असायची, आणि दारावर तांबडे ओघळ यायचे. गारवा निघून जातो म्हणून त्यानंच पाटलांना कितीदा सांगितलं होतं, काच लावून घ्या. पाटलांनी ऐकलं नव्हतं.

जुनी हवा जायला जागा नसेल तर नवी शिरणार कुठून? आणि आतली हवा एकदा ओली झाली की पाणी सुकणार नाही, आणि सुकलं नाही तर गारही करणार नाही.

"पाटलीनबाई, घोंगडी काढा. काच चार बोटं खाली घ्या."

"बाहेर झळा पाह्यल्या का? काहून मारतं तिले?"

"पाटील रोज उघडी ठेवतेत."

"पाटील थुकाले ठेवतेत!"

"हो जी. म्हनूनच गाडी थंडी राह्यत होती."

त्या हलल्या नाहीत. आपलं चुकलं तर काय होईल ते लखीरामला ठाऊक होतं. लखीरामनं काच उघडायला लावली न पोरगी गेली, असं त्या जन्मभर म्हणणार, आणि ते खरंच असणार. पण गोविंदसिंगच्या ट्रकचा मागचा पडदाही बांधलेला होता. वाळू येऊ नये म्हणून तो लखीरामनंच बांधला होता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"बीडी तशीच धरून ठेवा," तो म्हणाला. "काच उघडा. धुपट नाई वळलं तं लगेच लावून घ्या."

प्रयागबाईंनी एका हातानं घोंगडी ओढली. मग काचेचा मुठ्या फिरवला. एक बोट, दोन बोटं. गरम वाऱ्याची एक झुळूक कानाला लागली आणि त्यांचा हात थांबला. मग त्यांनी बीडीकडे पाहिलं. धूर आडवा झाला होता. तट्ट्याकडून निघून, तुळसाच्या तोंडावरून, त्यांच्या पदराला घासून तो काचेच्या फटीतून बाहेर ओढला जात होता.

त्यांनी काच पूर्ण चार बोटं खाली घेतली.

मैलभर गाडी तशीच पळाली. ओल्या वाळ्याचा वास आधी आला, मग गारवा. प्रयागबाई तुळसाच्या लुगड्यावर हात ठेवून होत्या. कापड थंड पडत गेलं, वाळायला लागलं. लखीरामनं वाटेतल्या मालेगावला डबा भरून घेतला, लुगडं पुन्हा भिजवलं आणि गाडी सोडली. पुढं वाशीमच्या वाटेवर जागमाथ्याला चाक खड्ड्यात आपटलं, तेव्हा तुळसानं डोळे उघडले.

"आई, बीडी कोन ओढून राह्यलं?"

प्रयागबाईंच्या बोटांत थोटूक तसंच होतं. त्यांनी ते खिडकीतून टाकलं.

"कोनी नाई. तू पडून राह्य."

वाशीमच्या डॉक्टरांनी तिला तीन दिवस ठेवून घेतलं. पाटील तिसऱ्या दिवशी अकोल्याहून थेट दवाखान्यात आले. परतताना ते आपल्या जागी बसले, आणि सवयीनं काच खाली घ्यायला गेले. ती आधीच खाली होती. चार बोटांवर, बाभळीची पाचर ठोकलेली.

"हे काय रे, लखीराम?"

"राहू द्या, जी," लखीराम म्हणाला. "थुका तुमी."