कंपनीने पास केलेले डोळे

दोन्ही हात डोक्यावर ताठ, तळवे समोर, पाय रोवलेले. चाळीत भांडण लागलं की तो असा मधोमध येऊन उभा राहायचा. रिक्षा थांबवायची तरी तसाच. रिक्षावाला घाबरून ब्रेक मारायचा. मग हा म्हणायचा, "अरे, मी इंजिन थांबवलंय असं. तुझी रिक्षा म्हणजे काय!"

तुमच्याही आळीत असा एखादा असेल, ज्याची एकच गोष्ट असते आणि ती सगळ्यांना पाठ असते. हा भांडुपच्या पुढे आमच्याकडच्या रेल्वे फाटकावर फाटकवाला होता. रिटायर झाला तशी फाटकाजवळची दगडी खोली सोडावी लागली, म्हणून आमच्या शेजारची खोली घेतली. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही.

रेल्वेला तो रेल्वे म्हणायचा नाही. कंपनी म्हणायचा. गोऱ्यांची कंपनी जाऊन, सरकारने ती घेऊन, नाव बदलून जमाना लोटला. तरी ह्याच्या तोंडी कंपनीच.

"कंपनीचे मालक विलायतेत बसायचे," तो सांगायचा. "त्यांनी आमचं गाव बघितलं पण नव्हतं. नकाशावर पट्टी ठेवली, रेघ मारली. ती रेघ माझ्या पणज्याच्या भातशेतातून गेली. अर्धं शेत इकडे, अर्धं तिकडे. पणजा रडत साहेबाकडे गेला. साहेब म्हणाला, रडू नको, तुझ्या बैलांना जायला फाटक ठेवतो, आणि फाटकावर तुझाच पोरगा ठेवतो. पुढे शेतही गेलं. आजा फाटकावर, मग बाप, मग मी."

आणि हसायचा. मला राग यायचा.

"हसतोस काय मेल्या? लुटलं तुम्हाला!"

"लुटलं. पण पगार वेळेवर दिला."

आता ती पाठ गोष्ट. ह्याच्या तरुणपणी एकदा गवताने भरलेल्या बैलगाडीचं चाक फाटकात रुळाला अडकलं. समोरून आगगाडी येत होती. हा रुळातून आगगाडीच्या दिशेने धावत सुटला. झेंड्या खोलीतच राहिल्या होत्या, आणायला वेळ कुठला? म्हणून दोन्ही हात वर करून रुळाच्या मधोमध उभा राहिला. इंजिन ह्याच्या अंगावर वाफ सोडत थांबलं. गोऱ्या साहेबाने पाठ थोपटली, आणि झेंडी दाखवली नाही म्हणून दंडही केला. "हा कंपनीचा न्याय!" असं म्हणून तो गोष्ट संपवायचा, आणि पोरं टाळ्या वाजवायची.

म्हातारपणीही चष्मा नव्हता. लांबून येणाऱ्या बसचा नंबर आमच्या आधी वाचायचा. "कंपनीने पास केलेले डोळे आहेत हे!" हे त्याचं दुसरं पालुपद.

त्याची भाजी आमची ही आणायची. "भावजी, तुमचे टोमॅटो पण आणते हो," म्हणायची. मला वाटायचं, एकटा माणूस, बाईला दया येते. गेल्या साली ही गेली. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. शेजारी शेजारी दोन म्हातारे उरले, मी ह्या खोलीत आणि तो त्या.

ही गेल्यावर तो स्वतः बाजारात जायला लागला. पहिल्याच दिवशी पिशवीभर कच्चे टोमॅटो घेऊन आला. मी म्हटलं, "हे काय हिरवेगार? लोणचं घालतोस काय?" तो म्हणाला, "भाजीवाल्याने फसवलं." पुढच्या वेळी परत तेच. मी म्हटलं, वय झालं. मी जन्मभर गिरणीच्या रंगखात्यात कापड रंगवलं. सुताचा रंग जरा उतरला तरी मला कळायचा. पण शेजारचा माणूस काही कळला नाही.

मग फाटकावर पूल झाला. फाटक कायमचं बंद होणार होतं. आमच्या नगरसेवकाने ठरवलं की पुलाचं उद्घाटन म्हाताऱ्याच्या हातून करायचं. त्याने आधी लाल झेंडी दाखवून ट्रक थांबवायचा, मग हिरवी दाखवून सोडायचा. स्टेज, माईक, फोटोवाला, सगळं. चाळीला कोण आनंद!

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात उभा. तोंड उतरलेलं.

"मला नाही जमायचं."

"का? झेंडी हलवायला काय लागतं?"

"कुठली हिरवी ते कळावं लागतं."

मला वाटलं मोतीबिंदू. तसं विचारलं. तो म्हणाला, "नाही रे. जन्मापासून. लाल आणि हिरवं मला एकच दिसतं. सुक्या चिखलासारखं."

मी कॉटवर बसलोच. रेल्वेच्या फाटकावर जन्म काढलेला माणूस हे बोलत होता.

"मग कंपनीने पास कसा केला तुला?"

"गोरा डॉक्टर तबकात लोकरीचे गुंडे ठेवायचा. रंगाप्रमाणे वेगळे कर म्हणायचा. बापाने आदल्या दिवशी कंपाउंडरला कोंबडा पोचवला होता. माझा हात बरोबर गुंड्यावर आला की तो डॉक्टरच्या मागे उभा राहून नाक खाजवायचा. अरे, नापास झालो असतो तर राहती खोली गेली असती. शेत कंपनीने आधीच घेतलेलं. म्हाताऱ्या बापाला घेऊन जाणार कुठे?"

"आणि झेंड्या?"

"लाल झेंडीच्या कोपऱ्याला गाठ मारलेली असायची. बोटाला कळायचं. रात्रीच्या कंदिलाची काच फिरवली की खटका बसायचा, तोही हाताला कळायचा."

मग म्हणाला, "त्या दिवशी झेंड्या खोलीत नव्हत्या. हातात होत्या."

"कुठल्या दिवशी?"

"बैलगाडीच्या. बायको नवी होती, तिला काही माहीत नव्हतं. तिने झेंड्या धुतल्या, गाठ सोडली आणि छान घड्या घालून ठेवल्या. मी धावत सुटलो, धावता धावता चाचपलं, तर दोन्ही गुळगुळीत. एक दाखवली तर गाडी थांबणार. दुसरी दाखवली तर गाडी सरळ बैलांवर येणार. डोकंच चालेना. दोन्ही फेकल्या आणि हात वर केले."

मी ताडकन उठलो. "हरामखोरा! माझी आई रोज त्या फाटकातून जायची! चाळीतली पोरं शाळेत जायची!"

"माहीत आहे."

"आणि तू टाळ्या घेत बसलास?"

"मग काय सांगायला हवं होतं?" तो म्हणाला.

जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाला, "वहिनींना माहीत होतं."

"काय?"

"एकदा जेवायला बोलावलं होतं ना, तेव्हा मी लाल ठेचा म्हणून हिरव्यात हात घातला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझी भाजी आणायला लागल्या. म्हणाल्या, भावजी, ह्यांना सांगू नका, ह्यांच्या तोंडाला कुलूप नाही."

मला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. एवढा संसार केला आम्ही. एका ताटात जेवलो. आणि बाईने एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली आणि तशीच घेऊन गेली. अजून काय काय नेलं असेल तिने? ती रात्र मी भिंतीकडे तोंड करून काढली.

सकाळी मी त्याला म्हटलं, "लाल झेंडीला मी गाठ मारून देतो. कुणाला कळणार नाही." तो हो म्हणाला. स्टेजवर नेण्याआधी मी स्वतः गाठ मारली, आणि त्याच्या बोटाला लावून दाखवली.

नगरसेवकाने हार घातला. माईकवरून बैलगाडीची गोष्ट सांगितली. आमच्या चाळीच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या. मग झेंड्यांचं तबक पुढे आलं. त्याने तबकाला हात लावला नाही. माईक पकडला आणि म्हणाला, "ह्यातली लाल कुठली ते मला कळत नाही. कधीच कळलं नाही. त्या दिवशी झेंड्या माझ्या हातात होत्या."

मी वळून चाळीकडे बघितलं. आणि मग कोणीतरी खोऽ करून हसला. त्याच्यामागे सगळे हसले. शिट्ट्या, टाळ्या. नगरसेवक त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "बघा, ह्या वयातही काका काय फिरकी घेतात!" आणि आधी लाल, मग हिरवी झेंडी स्वतःच त्याच्या हातात कोंबली. ट्रक थांबला, ट्रक सुटला. फोटो निघाला.

घरी येताना तो एवढंच बोलला, "खरं सांगितलं रे मी. कुणी घेतलंच नाही."

त्या थंडीत तो झोपेतच गेला. सगळी चाळ स्मशानात आली होती. तेराव्याला आमच्याच पडवीत माणसं बसली. प्रत्येक जण बैलगाडीची गोष्ट सांगत होता. आता तीत स्टेजवरचा जोकही आला होता. "मरायच्या आधीपर्यंत काय विनोदी माणूस!"

मला राहवलं नाही. उठून ओरडलो, "तो विनोद नव्हता! त्याला लाल दिसत नव्हतं! गाठ सुटली होती, म्हणून हात वर केले त्याने! आमच्या हिलासुद्धा माहीत होतं!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग समोरच्या खोलीतला मुलगा हळूच उठला. माझा दंड धरून त्याने मला खाली बसवलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, "वहिनी गेल्यापासून काका असेच करतात."

"काका," तो मुलगा म्हणाला, "चहा घ्या."

मी घेतला.