बायकोच्या रक्तातलं लोह

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहा संपेपर्यंत थांबा!

आमची शुभांगी विहिरीवरून घरात येईपर्यंत दोनदा टेकायची. धाप लागायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "रक्त फारच कमी आहे. असंच राहिलं तर हृदयावर ताण येईल. एक तर पोटात लोह पुरेसं जात नाही, नाहीतर थॅलेसेमिया असेल. तो घराण्यातून येतो. आणखी एक तपासणी करू."

लोह कमी? आणि तेही देवबागात? अहो, आमच्याकडे रोज मासे! तिसऱ्या शिंपल्यांत किती लोह असतं, ते मी स्वतः मोबाइलवर वाचलंय. मग उरलं काय? घराणं! आणि घराणं अर्थातच तिचं.

लगेच फोंडाघाटला मेव्हण्याला फोन लावला.

"सुधाकर, तुमच्या रगतात खोट आसा."

"काय म्हणतास, भावोजी?"

"रागावू नुको. मी शास्त्रीय बोलतंय."

मग तिच्या मामांना फोन, मावशीला फोन. संध्याकाळपर्यंत फोंडाघाटात बातमी, की जावई पोरीला परत पाठवतोय!

शेवटी कणकवलीला तपासणी झाली. सुधाकरनेच तिथल्या लॅबमधून तिचा रिपोर्ट घेतला आणि मोटरसायकलवरून थेट आमच्या दारात. रागाने लालेलाल.

"वाचा मोठ्यान! थॅलेसेमिया नाय. लोह कमी आसा, बस्स!"

मी काय हार मानणारा? "आधी जेव तरी," म्हटलं. शुभांगीने आम्हा दोघांना तिसऱ्यांचं सुकं वाढलं. लोह आतड्यातून कसं शोषलं जातं, हाडांतल्या मज्जेत रक्त कसं तयार होतं, सगळं मी त्याला समजावलं. "पण मगे हिचा लोह जाता खंय?" असं विचारून आणखी वाढून घेतलं. त्यानेही घेतलं होतं, हेही लक्षात असू द्या.

तो हात धुवायला आत गेला. शुभांगी नुकतीच जेवायला बसली होती. भात, आणि टोपाच्या तळाचा पुसून घेतलेला रस.

"ताई, तिसऱ्यो खंय?"

"सोंपल्यो रे. ह्येंका आवडतत. माका रस चलता."

"रोज?"

ती नुसती हसली. मला बाहेर सगळं ऐकू येत होतं, पण मी बोटं चाटण्यात गुंग!

सुधाकर बाहेर आला. "भावोजी, लोह गावला."

"खंय?"

"तुमच्या ताटात."

आणि मी शास्त्रज्ञाने काय करावं? ताट उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि शिंपल्या बाजूला सारून खरोखर शोधायला लागलो! नुसत्या शिंपल्याच होत्या हो. लोह केव्हाच माझ्या पोटात गेलं होतं.