चिंतामणला नेलेलं ग्राफिक्स कार्ड

दिवाळीच्या फराळाला काकांच्या घरी सगळे जमले होते आणि बाबा एकदम बोलून बसले, "आम्ही कॉम्प्युटर घेतोय. पण तयार नाही आणणार. सुटे पार्ट आणू, आमची मुलगीच जोडेल."

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्याकडे कंपनीचा तयार कॉम्प्युटर होता, त्याला प्लॅस्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर क्रोशाचा रुमाल. ते चकली मोडता मोडता हसले. "अरे, पोरीच्या हातात पेचकस दिलास तर शेवटी भंगारवाल्यालाच बोलवावं लागेल."

बाबा तसे भावासमोर तोंड न उघडणारे. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. "दादा, पहिल्यांदा चालू होईल तो तुमच्यासमोरच," म्हणाले. "सहकुटुंब या." झालं! आता तो डबा चालू होणं न होणं हा बाबांच्या शब्दाचा प्रश्न होऊन बसला.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. अभ्यासाला लागतो, असं आईला सांगितलं होतं, पण मला गेम खेळायचे होते, बस. इंदूरला मैत्रिणीच्या घरी कारच्या शर्यतीचा एक गेम पाहिला होता. काय तो रस्ता! पुढच्या गाडीच्या काचेत ढग दिसत होते, चक्क ढग! ही सगळी करामत वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची असते आणि ते नसलं तर तोच गेम अडखळत, ठोकळ्याठोकळ्यांनी चालतो, हे तिथेच कळलं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

मग आमच्या उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात चकरा सुरू झाल्या. दुकानदार भैयाचं एकच पालुपद. "दीदी, प्रोसेसर बड़ा लो. कार्ड-वार्ड में क्या रखा है? टाइपिंग ही तो करनी है."

"टाइपिंग तूच कर," मी मराठीत पुटपुटले. माझं गणित पक्कं होतं. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल. स्पीकर नकोतच, आवाज बाबांच्या टेपरेकॉर्डरमधून काढू. कॅबिनेट असेल त्यातलं साधं. रॅम मात्र कमी करायची नाही, आणि वाचेल ते सगळं कार्डावर. भैया आणि मी तावातावाने भांडत होतो आणि बाबा स्टुलावर बसून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे मान वळवत होते. शेवटी त्याने एक मदरबोर्ड पुढे सरकवला. मी उलटापालटा करून पाहिला.

"भैया, इसमें वो भूरा वाला स्लॉट कहाँ है?" कार्ड ज्या तपकिरी खाचेत बसतं ती खाचच त्याच्यावर नव्हती!

"अरे वा, दीदी तो पढ़ के आई हैं," म्हणत त्याने मुकाट्याने दुसरा काढला. बाहेर आल्यावर टावर चौकात बाबांनी मला कचोरी खाऊ घातली. स्वतः दोन खाल्ल्या, वर "आईला सांगू नकोस" म्हणाले. इतके खूष!

बाकीचे पार्ट मी घरी पलंगावर पसरून जोडले. हार्ड डिस्कमध्ये लागणारं सॉफ्टवेअर भैयाने दुकानातच भरून दिलं होतं. राहिलं होतं फक्त कार्ड, ते इंदूरहून यायचं होतं. ते आलं, चंदेरी पिशवी उघडली आणि मी किंचाळलेच. मधोमध इवलासा पंखा, आणि खाचेत जाणाऱ्या काठाला सोनेरी दातांची रांग. काय देखणं होतं हो! बाबांनी लगेच रविवारी संध्याकाळचं आमंत्रण काकांना देऊन टाकलं.

आता, उज्जैनमध्ये नवी गाडी आली की आधी चिंतामण गणपतीला न्यायची पद्धत. आमच्या आईने ती सगळ्याच वस्तूंना लावली होती. फ्रिज नेता येईना, तर तिने फ्रिजची किल्ली नेली होती.

"सगळं खोकं नको नेऊस. त्यातली मुख्य वस्तू कुठली?" तिने विचारलं.

"कार्ड!" मी छाती फुगवून सांगितलं. घ्या! स्वतःच्याच तोंडाने.

रविवारी सकाळी स्कूटरवर बाबांच्या मागे कार्ड मांडीवर धरून बसले. पुजारीबुवांनी विचारलं, "ये क्या है?"

"महाराज, गाड़ी ही समझ लीजिए," बाबा म्हणाले. "इसके अंदर गाड़ी दौड़ेगी."

बुवांनी गाडीला करतात ते सगळं यथासांग केलं. पंख्याला पूजेचा लाल नाडा बांधला. तुपात कालवलेल्या शेंदराचं भलंमोठं स्वस्तिक काढलं. मी "अरे अरे, वहाँ नहीं!" म्हणेपर्यंत त्यांचं बोट सोनेरी दातांवरून फिरून गेलं होतं. घरी आल्यावर नाडा तेवढा गुपचूप सोडला. शेंदराला हात लावायची छाती झाली नाही, आई समोरच उभी होती.

संध्याकाळी काका-काकू आले, खुर्च्या मांडल्या. मी कार्ड खाचेत बसवून बटण दाबलं. पंखे फिरले आणि डबा ओरडला, एक लांब शिट्टी, मग दोन तुटक. पडदा काळा. कार्ड सापडत नसलं की ही शिट्टी वाजते, मला माहीत होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

काका खुर्चीत रेलले. "गणपतीलाही मान्य नाही दिसत."

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला, तो पुसतच राहिले. मला असा संताप आला, काकांचा, बुवांचा, त्या तुपाचा! "शेंदूर पुसावा लागेल!" मी ओरडले.

"देवाचा शेंदूर फडक्याने पुसतात होय गं?" आई तितक्याच जोरात.

मग आईने बाबांकडे पाहिलं. काय वाटलं तिला कोण जाणे, ती उठली. मी मेन बंद करून कार्ड काढलं, ते तिने हातात घेतलं. "पुसायचा नाही. लावायचा," म्हणाली आणि दातांवरचा शेंदूर बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावला. मग बाबांच्या. मग काकांच्या, जरा दाबूनच.

उरलेला चिकटा मी खोडरबराने घासून काढला. कार्ड खटकन बसलं. बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी, आणि पडद्यावर भराभरा अक्षरं धावायला लागली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. पुढे सीडी घालून गेम भरण्यात चहा झाला, पोहे झाले, काका काही उठले नाहीत.

शर्यत सुरू झाली. टेपरेकॉर्डर गुरगुरला, रस्ता सुळ्ळकन पायाखालून निघाला, आणि काका खुर्ची पुढे ओढत ओरडायला लागले, "अगं डावीकडे! डावीकडे घे! बाजूवाल्याला दाब!"

"बाबा, बघा ना!" म्हणत मी मागे वळले. बाबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते थोरल्या भावाकडे बघत होते, आणि असे हसत होते की मी शर्यत विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले. माझी गाडी केव्हाच जाऊन भिंतीवर आदळली होती.