आमच्या नव्या संघाचा पहिला खेळाडू

मंडळी, आज काही सुचेनासं झालंय.

आमच्या कम्प्युटरवरच्या हॉकी लीगमध्ये प्रत्येक जण आपला एक खेळाडू बनवतो आणि संघ त्यांतून निवड करतात. यंदा दोन नवे संघ आले, त्यातला एक मी चालवतो. दुसऱ्या संघाने सर्वात आधी निवडलेल्या खेळाडूने गोलांचा धडाका लावला. माझ्या पहिल्या निवडीने एकही गोल केला नाही.

हा खेळाडू बनवलाय आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या दूधविनायक मोहल्ल्यात राहणाऱ्या सुमनकाकूंनी. आज त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "काकू, याला सोडावं लागेल."

"सोड ना बेटा," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या टीममध्ये सगळे हिंदीच बोलतील. काका गेल्यापासून मी मराठी बोलते ती तुझ्याशीच, मॅच चालू असताना आपण कम्प्युटरवर गप्पा मारतो तेव्हा."

मी चहा पिऊन परत आलो. खेळाडू अजून सोडलेला नाही. पण संघातले बाकीचे लोक जिंकायला आलेत, त्यांना काय सांगू? तुम्ही काय केलं असतं?